गवसणीतली सतार पुन्हा वाजती करताना

सांगली-मिरजेत घरटी सतार नसेल, पण गल्लीत एखादी हमखास निघते. शाळा-कॉलेजात असताना कुणीतरी चार-पाच वर्षं शिकलेलं असतं, दोन-तीन परीक्षा दिलेल्या असतात. मग नोकरी, बदल्या, लग्न, मुलांच्या दहावी-बारावी. सतार गवसणीत जाते, गवसणी कपाटामागे जाते. चाळिशी-पन्नाशीत हाताला जरा सवड मिळाली की तिची आठवण येते. हा लेख अशा माणसांसाठी आहे. नव्याने शिकणाऱ्यालाही यातलं काही उपयोगी पडेल, पण त्याच्या अडचणी वेगळ्या असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. दुसऱ्यांदा सुरू केलेली सतार बहुतेकांची सुटते ती हात चालत नाही म्हणून नव्हे. वाद्य आजारी असतं आणि त्याचा दोष वाजवणारा स्वतःच्या वयाला देतो. गंजलेल्या तारा, झिजलेली घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती), सरकलेले पडदे (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) अशा सतारीवर एखादा तयारीचा वादकही बेसूर वाटेल. म्हणून आधी सतार, मग हात. हा क्रम उलटा करू नका.

गवसणी उघडल्यावर काय बघायचं

घाईने खुंट्या पिळायला जाऊ नका. वर्षानुवर्षं ताणात राहिलेली तार तुटताना जोरात उसळते, त्यामुळे या कामाला बसताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, नंबरचा असो वा साधा. सतार आडवी, मऊ सतरंजीवर ठेवा आणि उजेडात नीट न्याहाळा.

पहिलं बघायचं ते भोपळ्याकडे. भोपळ्याखाली किंवा गवसणीच्या तळाशी पिठासारखा बारीक भुसा पडलेला असेल आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील, तर कीड लागली आहे. अशी सतार घरातल्या इतर लाकडी सामानापासून बाजूला ठेवा आणि थेट कारागिराकडे न्या. घरी कीटकनाशक फवारू नका, पॉलिश जाईल. भोपळ्याला केसासारखी चीर असेल तर ती दुरुस्त होते, घाबरण्याचं कारण नाही.

मग भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळ्याचा जोड. तिथे फट दिसते का, दांडी हलकेच दाबली तर हलते का, ते बघा. त्यानंतर सतार डोळ्यासमोर धरून दांडीच्या टोकाकडून घोडीकडे एका रेषेत बघा. दांडीला बाक आला असेल तर तार पडद्यांपासून वर उचललेली दिसते आणि वरच्या सप्तकात दाबायला फार जोर लागतो. हे मोठं दुखणं आहे. तबली, म्हणजे घोडी जिच्यावर बसते ती लाकडी पाटी, मध्ये खचली आहे का तेही बोटांनी चाचपून बघा.

पडदे सरकलेले असणारच, त्यात काही विशेष नाही. त्यांचे दोरे सैल झाले आहेत का आणि पडद्यांवर तारेने खाच पाडली आहे का, एवढं पुरे. तारांबद्दल तर विचारच करू नका. दहा वर्षांपूर्वीच्या तारा चकाकत असल्या तरी सगळ्या बदलायच्या.

मिरजेची फेरी

आपल्या भागातल्या माणसाला जे सहज मिळतं त्यासाठी लोक लांबून येतात. मिरजेत सतार-तंबोरे बनवण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. ते सुरू करणारे फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले होते. तंतुवाद्यांच्या कामामुळे पुढच्या पिढ्यांना सतारमेकर हेच आडनाव पडलं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, दांडीला तुणाचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वादकाच्या दृष्टीने मानांकनापेक्षा महत्त्वाचं हे, की बाकीच्या बहुतेक शहरांत सतारीची दुरुस्ती म्हणजे दुकानदार ती कुठेतरी पाठवतो आणि महिन्याने परत देतो. इथे तुम्ही कारागिराच्या समोर बसून काम करून घेऊ शकता.

सांगलीतून नेत असाल तर सतार जवळपास चार फूट लांब असते हे ध्यानात ठेवा. सिटी बसमध्ये गर्दीच्या वेळी नका जाऊ. रिक्षात बसलात तर भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्याला. डिकीत आडवी टाकणं किंवा दुचाकीवर पाठीला लावून नेणं, दोन्ही टाळा. भोपळा बाहेरून टणक दिसतो, पण एका धक्क्याने फुटतो.

दोन-तीन दुकानांत दाखवा. कोण काय सांगतो ते ऐका. चांगला कारागीर सतार हातात घेतल्यावर आधी जोडाकडे आणि दांडीकडे बघतो, मग तार छेडून घोडीकडे. आल्या आल्या 'नवीनच घ्या' म्हणणाऱ्याकडे नाही दिलीत तरी चालेल. काय काय करणार, किती दिवस लागणार आणि खर्च किती, हे एका कागदावर लिहून घ्या. आणि सतार सोडण्यापूर्वी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

कारागिराशी बोलताना चार शब्द माहीत असले की काम सोपं होतं. सगळ्यांत महत्त्वाचा शब्द जवारी. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार वाजताना त्या उताराला घासत जाते आणि त्यातूनच सतारीचा तो झणकार, ते स्वरांचं वलय तयार होतं. वाजवून वाजवून तारा घोडीत रुततात, खाचा पडतात, आणि मग आवाज एक तर बसतो नाहीतर कर्कश होतो. कानस घेऊन तो पृष्ठभाग पुन्हा बरोबर घासणं म्हणजे जवारी काढणं. जवारी खुली हवी की बंद, असं तुम्हाला विचारतील. खुल्या जवारीत झणकार जास्त, बंद जवारीत आवाज गोल आणि आटोपशीर. परत सुरू करणाऱ्याने मधली, किंचित बंदकडे झुकणारी मागावी असं माझं मत आहे. खुली जवारी कानाला लगेच भुरळ घालते, पण स्वर किंचित हलला तरी त्या झणकारात तो लपून जातो, आणि तुम्हाला सध्या तेच नको आहे.

तुमची सतार जुनी असेल तर घोडी सांबरशिंगाची असण्याची शक्यता आहे. वन्यजीव कायद्यामुळे ते शिंग आता मिळत नाही, नव्या घोड्या उंटाच्या हाडाच्या किंवा डेलरिनसारख्या कृत्रिम पदार्थाच्या असतात. जुनीत जाडी शिल्लक असेल तर ती बदलू देऊ नका, त्याच घोडीवर जवारी काढून मागा.

दुसरी चौकशी तारांची. सतार दोन पद्धतींची असते. खर्ज-पंचम पद्धतीत खाली दोन जाड तारा असतात, ही रविशंकरांची पद्धत. गांधार-पंचम पद्धत विलायत खाँसाहेबांची, तिच्यात जाड खर्ज नसतो आणि गांधाराची पोलादी तार येते. तारांचे संच वेगवेगळे येतात. तुमची कुठली, हे आठवत नसेल तर कारागीर घोडीवरच्या खाचा बघून सांगेल. संच घेताना बाजाच्या तारा, म्हणजे जिच्यावर मुख्य वादन होतं तिच्या, चार-पाच जादा घ्या. बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटरची पोलादी असते आणि सुरुवातीला तीच तुटते.

तारा घरीच बदलायच्या असतील तर

सतार धडधाकट असेल आणि फक्त तारा बदलायच्या असतील, तर हे काम घरी होतं. पण सगळ्या तारा एकदम काढू नका. घोडी तबलीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असते. म्हणून आधी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलने बारीक खूण करा. मग एक तार काढायची, तिच्या जागी नवी लावायची, थोडी ताणायची, आणि पुढची घ्यायची. तरफांच्या, म्हणजे पडद्यांखालून जाणाऱ्या आणि आपोआप घुमणाऱ्या तारांच्या बाबतीत तर हे फार गरजेचं आहे. नाहीतर कुठली तार कुठल्या भोकातून कुठल्या खुंटीला गेली होती याचा शोध घेण्यात रविवार जातो.

खुंटी फिरवताना ती एकाच वेळी आत दाबायची आणि फिरवायची. घसरत असेल तर काढून तिच्यावर खडूची पूड लावा. अडकून बसत असेल तर कोरडा साबण घासा. दोन्ही कामं खुंटीच्या ज्या भागावर चकाकी आली आहे तिथेच करायची, कारण खुंटी भोकाला तिथेच टेकते.

नव्या तारा पहिले सात-आठ दिवस सतत उतरतात. त्यात सतारीचा दोष नाही. रोज लावायच्या आणि रोज उतरणार, असं धरूनच चाला.

स्वरात लावणं

याला स्वतंत्र वेळ द्या. पूर्वी गुरुजी सतार लावून हातात देत, त्यामुळे वर्षानुवर्षं शिकूनही स्वतः सतार लावता न येणारी माणसं भरपूर आहेत. आता ती हौस भागवून घ्या.

मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप घ्या आणि षड्ज काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) ठेवा. बहुतेक सतारी त्याच्या आसपास लागतात. पहिल्यांदा जोडीची, म्हणजे बाजाच्या शेजारची तार षड्जात लावा, ट्यूनर न बघता, कानाने. मग बाजाची तार मध्यमात. ताळा असा: बाजाच्या तारेवर षड्जाचा पडदा दाबून वाजवा आणि लगेच जोड मोकळी छेडा. दोन्ही षड्ज एका सप्तकाच्या अंतराने तंतोतंत जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर मध्यम चुकला आहे किंवा तो पडदा सरकला आहे. मग पंचम, आणि चिकाऱ्या, म्हणजे लयीसाठी छेडायच्या बारीक तारा. शेवटची बारीक दुरुस्ती खुंटीने नाही, बाजाच्या तारेत घोडीखाली ओवलेल्या मण्याने. मणी खाली सरकवला की स्वर चढतो.

तरफांना मात्र ट्यूनर वापरा, त्यात कमीपणा नाही. आणि पहिले काही महिने तरफा यमनातच राहू द्या. प्रत्येक रागाला तरफा बदलत बसलात तर रियाजाचा सगळा वेळ खुंट्या फिरवण्यात जाईल. यमन निवडण्याचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. त्यात कोमल स्वर नसल्याने पडदे हलवावे लागत नाहीत. भूप आणि हंसध्वनी हेही त्याच पडद्यांवर बसतात. काफी, भीमपलास, भैरव यांच्यासाठी पडदे सरकवावे लागतात, त्यांची पाळी पुढे येईल.

बैठक, नखी आणि बोटं

विशीतली बैठक आठवते तशी पुन्हा जमेलच असं नाही. डावा पाय खाली, उजवा त्याच्यावरून पलीकडे आणि भोपळा डाव्या तळपायावर टेकलेला, ही रूढ बैठक. गुडघे कुरकुरत असतील तर बसण्याखाली घडी केलेलं घोंगडं किंवा चार-पाच इंच उंच उशी घ्या, कंबर उचलली की गुडघ्यावरचा ताण बराच उतरतो. तेही जमत नसेल तर खुर्चीवर बसून उजवी मांडी डावीवर टाकून वाजवा. मैफिलीत हे कुणाला खटकेल, पण तुम्ही घरी आहात.

बैठक बरोबर आहे का याची कसोटी सोपी आहे. उजवा बाहू भोपळ्यावर टेकवून डावा हात दांडीवरून पूर्ण काढून घ्या. सतार जागची हलली नाही, तर बैठक ठीक. हलली, तर तुमचा डावा हात वाजवण्याबरोबर सतार सावरण्याचंही काम करतो आहे आणि तो मींड (एकाच पडद्यावर तार ओढून दुसऱ्या स्वरावर जाणं) घेऊ शकणार नाही. हीच खोड मनगट दुखण्याचंही मूळ असते.

जुनी नखी, म्हणजे तार छेडायला बोटात घालायची ती तारेची टोपी, आता घट्ट होईल. वयानुसार बोटं जाड होतात. नखीच्या कडा हलक्या हाताने फाकवून घ्या किंवा मिरजेत गेलात तेव्हाच दोन-तीन मापांच्या घालून बघा. नखी पेराच्या वर नीट बसली पाहिजे, वाजवताना फिरता कामा नये आणि काढल्यावर बोटाला निळा वळ उमटता कामा नये.

डाव्या हाताच्या तर्जनी आणि मध्यमेच्या टोकांचे घट्टे गेलेले असणार. ते परत येईपर्यंत तार बोटात रुतेल, दुखेल. पहिले दोन-तीन आठवडे यातच जातात, त्यात कौशल्याचा प्रश्न नसतो. काही गोष्टी पाळा. अंघोळ किंवा भांडी झाल्या झाल्या वाजवू नका, कातडी मऊ असते आणि चिरते. फोड आला तर फोडू नका, दोन दिवस थांबा. बोट पडद्यांवरून सरकावं म्हणून खोबरेल तेलात भिजवलेला कापूस एका छोट्या डबीत ठेवा, बोटाचं टोक नुसतं टेकवायचं. मधुमेह असेल तर बोटाला चीर पडू देऊ नका आणि पडलीच तर भरेपर्यंत सतार बंद. आणि बोटं बधिर होत असतील, रात्री हाताला मुंग्या येत असतील किंवा एखादं बोट वाकल्यावर अडकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. रियाजाने ते बरं होणार नाही.

पहिले तीन महिने

पहिल्याच दिवशी जुनी द्रुत गत, म्हणजे तालात बांधलेली जलद रचना, वाजवण्याचा मोह होतो. हात ती वाजवायला धावतात सुद्धा. बोटांना हालचाली आठवत असतात, पण ताकद आणि नेम गेलेला असतो. त्यामुळे गत निम्मी उमटते आणि मन खट्टू होतं. त्यातच गेल्या वीस वर्षांत तुम्ही पुष्कळ ऐकलेलं असतं. कान खूप पुढे गेलेला असतो, हात मागे पडलेला. ही तफावत अस्वस्थ करते, पण तीच तुमची खरी मिळकतही आहे. शाळेतल्या मुलाला कोमल गांधार थोडा चढा लागला ते कळत नाही, तुम्हाला कळतं.

वेळ ठरवताना मोठा आकडा ठरवू नका. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं, तीही एका ठरलेल्या वेळी. सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर किंवा रात्री जेवणानंतर आवराआवर झाल्यावर, जे घराला सोसेल ते. रविवारी दोन तास आणि बाकी सहा दिवस शून्य, याने घट्टे तयार होत नाहीत आणि हातही बनत नाही. सतार गवसणीतून काढायला लागू नये, ती बसायच्या जागीच कोपऱ्यात मऊ कापड टाकून उभी ठेवा. गवसणीची गाठ सोडायचा कंटाळा हा रियाजाचा मोठा शत्रू आहे, हसू नका.

पहिला आठवडा उजव्या हाताचा. डावा हात बाजूला ठेवून मोकळ्या तारेवर फक्त 'दा'. बोट आतल्या बाजूला येतं तो दा, बाहेर जातं तो रा. अंगठा दांडीच्या कडेला टेकलेला, हलायचा नाही. मेट्रोनोम साठवर ठेवून प्रत्येक ठोक्याला एक दा, सगळे सारख्या वजनाचे. मग रा. बहुतेकांचा रा दुबळा असतो, तेव्हाही होता आणि आता जास्त असेल. म्हणून उलटं वाजवा, रा दा रा दा, म्हणजे वजन रावर पडेल. हे कंटाळवाणं आहे. पण सतारीत स्वराचा जन्म उजव्या हातात होतो आणि ही दुरुस्ती आत्ताच होते, नंतर कुणी करत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून डावा हात. यमनचे स्वर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जापर्यंत, एका स्वराला एक दा, आरोह आणि अवरोह. बोट पडद्याच्या अगदी लगत, दांडीच्या टोकाच्या बाजूला दाबायचं. पडद्यावर चढलं तर आवाज मुका, लांब राहिलं तर खर्रखर्र. अवरोहात तर्जनीच हवी. मध्यमा लावायची सवय लागली असेल तर ती या आठवड्यात मोडा. नंतर सरळ पलटे: सारेग रेगम, सारेगम रेगमप, मग चार स्वरांचे उलटे. नवीन पलटे शोधत बसू नका. चार पलटे, तेच महिनाभर, दर आठवड्याला मेट्रोनोम पाच-सहा ठोक्यांनी वर. चुकलं तर वेग कमी करायचा, थांबायचं नाही.

पाचव्या आठवड्याच्या सुमाराला घट्टे आलेले असतील. आता मींड. एका पडद्यावर तार खाली ओढून आधी एकच स्वर. गांधाराच्या पडद्यावरून तीव्र मध्यम, नाहीतर धैवतावरून निषाद. आधी पुढचा पडदा दाबून तो स्वर ऐका, मग मींडेने तिथे पोहोचा आणि जुळतं का बघा. ओढ बोटांची आणि पंजाची, अंगठ्याने दांडी आवळायची नाही. दोन स्वरांची मींड तिसऱ्या महिन्यात. पाच स्वरांची मींड ऐकायला अद्भुत वाटते, पण घाई केलीत तर तार तुटेल किंवा बोट.

गत घ्यायची ती विलंबित (संथ) मसीतखानी, तीनतालात. तिचे बोल बाराव्या मात्रेपासून उठतात: दिर दा दिर दा रा, आणि समेवर (पहिल्या मात्रेवर) दा दा रा, मग दिर दा दिर दा रा, दा दा रा. हे बोल आधी तोंडाने म्हणा, हाताने ताल धरून. स्वयंपाक करताना, बसथांब्यावर, कुठेही. तोंडात पक्के झाले की हातात उतरायला वेळ लागत नाही. यमनची जुनी गत आठवत असेल तर तीच घ्या. दोन-चार तोडे पुरे. द्रुताचा मोह आवरत नसेल तर रियाजाच्या शेवटी पाच मिनिटं राखून ठेवा, पण शेवटीच.

आठवड्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्डिंग करा आणि लगेच ऐकू नका. दोन दिवसांनी ऐका. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे येणारे नमस्काराचे हात आणि 'वा वा' यांचा काहीही उपयोग नाही, उलट पुढच्या वेळी तुम्ही लोकांसाठी वाजवू लागता.

तीन महिन्यांनी रियाज चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर गेला तर उत्तम. पंचवीसवर स्थिर राहिला तरी हरकत नाही.

जुनी वही

पिवळी पडलेली वही सापडली तर आनंद होईल, पण वाचताना जपून. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालयाची परंपरा जुनी. ते स्थापन करणारे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्यामुळे कित्येक जुन्या वह्या पलुस्कर पद्धतीच्या स्वरलिपीत आहेत, तर हल्ली बरेच शिक्षक आणि पुस्तकं भातखंडे पद्धत वापरतात. घोळ इथे होतो: पलुस्कर पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे मंद्र सप्तक आणि उभी रेघ म्हणजे तार सप्तक. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक, मंद्राचा बिंदू स्वराखाली असतो. चुकीच्या पद्धतीने वाचलंत तर मंद्रातले स्वर तार सप्तकात जातात आणि गत उलटीपालटी होते. वहीच्या पहिल्या पानावर कुठली पद्धत ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

शिक्षक हवाच का

हवा. आठवड्याला नको, पंधरा दिवसांतून एकदा चालेल. आपल्या उजव्या हाताचा कोन आपल्याला दिसत नाही आणि सतारीचे पडदे वाजवणाऱ्याला वाकल्याशिवाय दिसत नाहीत. वाकून वाकून मान आखडते ती वेगळीच.

शिक्षक बहुधा तुमच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. त्याला 'सर' म्हणताना अडखळायला होतं, पण ते पहिल्याच दिवशी म्हणून टाका, पुढचं सोपं जातं. आणि 'आमचे गुरुजी असं शिकवायचे' हे वाक्य वर्गात आणू नका. त्याला तुमची बाजू मात्र स्पष्ट सांगा: परीक्षा द्यायची आहे की नाही, रोज किती वेळ मिळतो, कुठे दुखतं. नाहीतर तो तुम्हालाही दहावीच्या मुलासारखा प्रवेशिका परीक्षेचा अभ्यासक्रम काढून देईल.

परीक्षेबद्दल थोडक्यात. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. जुनं प्रमाणपत्र असेल तर ते घेऊन केंद्रावर चौकशी करा. पहिल्या वर्षी मात्र अर्ज भरू नये असं मला वाटतं. तारीख जवळ आली की राग वाजवणं मागे पडतं आणि घोकंपट्टी पुढे येते.

इतरांबरोबर

सहा महिने झाले की एखादा तबलजी गाठा. ॲपवरचा तीनताल कधी चुकत नाही आणि तुमच्यासाठी थांबतही नाही. माणूस तुमच्याकडे बघून वाजवतो. कॉलनीत तबला शिकणारा एखादा मुलगा असेल तर त्यालाही लेहरा किंवा नगमा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी एकच धून, धरणारं कुणीतरी हवंच असतं. तुम्ही त्याला नगमा द्या, तो तुम्हाला ठेका देईल. तासभर एकच नगमा समेवर आणून सोडणं ही लयीची जबरदस्त तालीम आहे.

ऐकायलाही बाहेर पडा. मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीताच्या बैठका होतात. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं. १९३७ मध्ये वारलेल्या खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे. पुढे बसून सतारियाचा डावा हात बघा, मींड घेताना त्याचा अंगठा काय करतो ते बघा. यूट्यूबवर कॅमेरा नेमका तेव्हाच चेहऱ्यावर जातो.

पावसाळा आणि पाणी

जूनपासून हवा दमट झाली की खुंट्या फुगून अडकतात, पोलादी तारा गंजतात, जवारीचा आवाज बसल्यासारखा वाटतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरखाली दोन्ही बाजूंनी पुसा, बोटाचा घामच गंज आणतो. गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. सतार बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीला टेकवा, आणि फरशीवर थेट न ठेवता पाटावर ठेवा. उन्हाळ्यात उलट काळजी: खिडकीतलं ऊन आणि बंद गाडी. लाखेचे जोड उष्णतेने सुटतात.

सांगलीत नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, जिथे धोक्याची पातळी ४५ आहे. इशारा पातळी ४० फुटांची आहे. तो आकडा बातम्यांत आला की सतार वरच्या मजल्यावर नाहीतर मिरजेच्या पाहुण्यांकडे हलवा, फ्रिज-टीव्हीची आवराआवर सुरू झाल्यावर तिला कुणी विचारत नाही. भिजलीच तर उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका. तारा सगळ्या सैल करा, कोरड्या कापडाने टिपा, सावलीत हवेशीर जागी आडवी ठेवा आणि पाणी ओसरून रस्ता सुरू होताच कारागिराकडे न्या. फार ताणात भिजलेली तबली खचते, म्हणून तारा सैल करणं पहिलं.

सहा-आठ महिन्यांनी पुन्हा मिरज

नियमित वाजवू लागलात की नव्या जवारीत तारा पुन्हा रुततात. बाजाच्या तारेचा आवाज इतर तारांपेक्षा आधी पातळ, तुटक येऊ लागेल. तेव्हा सतार घेऊन पुन्हा जा. या वेळी गोष्ट वेगळी असेल. पहिल्या खेपेला तुम्ही 'नीट करून द्या' एवढंच म्हणू शकला होता. आता तुम्हाला सांगता येईल की बाज खुला हवा पण जोड बंद राहू दे, वरच्या गांधाराच्या पडद्यावर तार खरखरते, तिसरी तरफ बोलत नाही. कारागीर कानस घासेल, तार चढवेल आणि सतार तुमच्या हातात देईल. तिथेच बसून यमन वाजवा आणि पटेपर्यंत उठू नका. दोन-तीनदा परत घासायला लावलंत तरी तो रागावत नाही. जवारी अशीच लागते, वाजवणाऱ्याच्या हाताने ऐकत ऐकत. येताना बाजाच्या तारा आणि एक जादा नखी विसरू नका.